उभी राहा आणि उत्तर दे

तुझ्या आईचा फोन आला होता. तू तिला म्हणालीस, "माझं आयुष्य वाया गेलं, आणि ते मीच घालवलं." वर दिवाळीला येणार नाही म्हणालीस. का, तर "कोणत्या तोंडानं येऊ?"

हे वाक्य माझ्यासमोर बोलली असतीस तर तिशीला टेकलेली असलीस तरी तुला बाकावर उभं केलं असतं. मानेसर लांब आहे, म्हणून सुटलीस असं समजू नकोस. पाणी पिऊन घे, दार लावून घे आणि हे पत्र शेवटपर्यंत वाच.

तोंडी परीक्षेपासून सुरुवात करते. २३ जानेवारी २०२०, सकाळी दहा वाजता वुहान शहर बंद झालं. एक कोटीहून अधिक वस्तीचं शहर. रेल्वे, विमानं, बस, भुयारी गाड्या, सगळं ठप्प. दोन दिवसांवर चिनी नववर्ष. तू वसतिगृहाच्या खोलीत चौथ्या वर्षाची पुस्तकं घेऊन बसली होतीस. ते शहर तू बंद केलंस? तो विषाणू तू आणलास? वैद्यकीय शिक्षणासाठी तिथे गेलीस ती हौस म्हणून नव्हे. इथल्या सरकारी महाविद्यालयाची जागा थोडक्या गुणांनी हुकली, खाजगीची फी तुझ्या वडिलांनी सात जन्मात फेडली नसती, आणि चीनची फी त्या मानानं परवडत होती. २०१६ साली तुझ्यासमोर जे रस्ते होते, त्यांतला एक तू विचार करून निवडलास. चार वर्षांनी त्या रस्त्यावर काय कोसळणार आहे हे तुझ्या विद्यापीठाला माहीत नव्हतं, तिथल्या सरकारला माहीत नव्हतं, जागतिक आरोग्य संघटनेला माहीत नव्हतं. ते तुला एकटीला माहीत असायला हवं होतं, असा तुझा दावा आहे. बाई गं, एवढा मोठा दावा करताना लाज कशी वाटली नाही? याला तू पश्चात्ताप समजतेस. मी याला अहंकार म्हणते. जगातल्या सगळ्या उलथापालथीचं केंद्र आपणच, असं मानणारा अहंकार.

आता मानेसरकडे येऊ. तू सध्या राहतेस तेच मानेसर. १ फेब्रुवारी २०२० च्या सकाळी एअर इंडियाचं विमान वुहानहून ३२४ भारतीयांना घेऊन दिल्लीला उतरलं, दुसऱ्या दिवशी आणखी ३२३ जण आले. काहींना छावला इथल्या भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या तळावर नेलं आणि तुम्हा सुमारे अडीचशे जणांना मानेसरच्या लष्करी छावणीत. सैन्यानं काही दिवसांत उभं केलेलं विलगीकरण केंद्र. बराकींचे गट पाडलेले, एका गटात पन्नासांहून जास्त नाही, एका गटाच्या माणसानं दुसऱ्या गटात जायचं नाही, रोज तपासणी, तोंडावर मास्क. तुम्ही आत असतानाच, ११ फेब्रुवारीला, त्या रोगाला कोविड-१९ हे नाव मिळालं. म्हणजे पहिले दहा दिवस तुम्ही ज्या गोष्टीला घाबरत होता तिला धड नावही नव्हतं.

तरी तुमच्यातली काही मुलं मास्क लावून बराकीसमोर नाचली आणि ती चित्रफीत देशभर फिरली. मी ती माझ्या वर्गात मुलांना दाखवली होती. पण मला त्याहून जास्त लक्षात राहिलंय ते तू स्वतः फोनवर सांगितलेलं. शेजारच्या खाटेवर पहिल्या वर्षाची एक मुलगी होती, बिहारकडची. रात्र रात्र झोपायची नाही. "माझ्यामुळे घरच्यांचे पैसे बुडाले" म्हणून रडायची. तू तिला काय म्हणालीस? आठव. तू म्हणालीस, "तू काही केलेलं नाहीस. आज एवढंच करायचं, ताप मोजायचा, जेवायचं आणि झोपायचं. उद्याचं उद्या." हे सांगताना तुझा आवाज इतका शांत होता की मी फोन ठेवून तुझ्या काकूला, म्हणजे माझ्या वहिनीला, सांगितलं होतं, ही पोर चांगली डॉक्टर होईल.

मग मला सांग, त्या अनोळखी मुलीला जी दया दाखवलीस ती तुझ्या स्वतःच्या वाट्याला का नाही? तिचे पैसे बुडाले ते नशिबानं आणि तुझे बुडाले ते तुझ्या गुन्ह्यानं, असा कायदा कुठल्या पुस्तकात वाचलास?

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तुम्ही बाहेर पडलात. सगळ्यांना वाटलं संकट संपलं. संकट तर तिथून सुरू झालं. मार्चअखेर चीननं परदेशी माणसांना प्रवेश बंद केला. भारतातून तिथे शिकायला गेलेले २३ हजारांहून अधिक विद्यार्थी, बहुतेक वैद्यकीयचे, घरी अडकले. तुझे वर्ग मोबाइलच्या पडद्यावर सुरू झाले. चीनचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास, म्हणून तिथल्या आठच्या तासाला तू पहाटे साडेपाचला औसा तालुक्यातल्या तुझ्या घराच्या माळवदावर नेटवर्क शोधत बसायचीस, अंगावर आईची गोधडी घेऊन. शस्त्रक्रियेचे तास पडद्यावर. प्रसूतीचे तास पडद्यावर. रुग्णाच्या पोटाला हात न लावता पोटाची तपासणी शिकायची. विद्यार्थ्यांना पुन्हा व्हिसा द्यायला चीननं ऑगस्ट २०२२ उजाडवला.

इकडे आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ऑनलाइन शिक्षण मान्य नाही असं सांगितलं. डॉक्टर घडवायचा तर रुग्णाशेजारी उभं राहून शिकवावं लागतं, हे आयोगाचं म्हणणं चूक नव्हतं. पण त्याची किंमत तुम्ही मोजलीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयानं तोडगा काढायला सांगितलं आणि २८ जुलैला आयोगाची योजना आली: ३० जूनपर्यंत ज्यांच्या हाती पदवीचं प्रमाणपत्र आलं त्यांना परदेशी पदवीधरांची चाळणी परीक्षा देता येईल, आणि उत्तीर्ण झाल्यावर एका वर्षाऐवजी दोन वर्षांची आंतरवासिता करावी लागेल. तू त्यात बसलीस. मग परीक्षा. तीनशे प्रश्न, दीडशे बरोबर हवेत. जून २०२३ च्या परीक्षेत दहातला जेमतेम एक उत्तीर्ण झाला. तू त्या नऊमध्ये होतीस. त्यानंतरही एकदा होतीस.

यातलं तुझं किती? वही काढ आणि दोन रकाने पाड. डाव्या बाजूला वुहान, विमान, बंद सीमा, पडद्यावरची शस्त्रक्रिया, नियम, न्यायालयाच्या तारखा. उजव्या बाजूला तुझं. तुझं काहीच नव्हतं असं मी म्हणणार नाही, माझ्याकडून ती सवलत मिळणार नाही. औषधशास्त्र तुझं कच्चं आहे. अकरावीत तुला वनस्पतींची वर्गीकरणं पाठ व्हायची नाहीत, तोच आळस. समजलं की झालं असं तुला वाटतं, आणि पाठ करायचं ते तू टाळतेस. दुसऱ्या खेपेच्या आधी चार महिने तू पुस्तक उघडलं नाहीस. हे उजव्या रकान्यात लिही, ठळक अक्षरात. पण तिथे थांब. 'माझ्यामुळे बाबांची दोन एकर गेली' हे तिथे लिहायचं नाही. ती जमीन तुझ्या वडिलांनी विकली, शुद्धीत असताना, तुझ्यावर विश्वास ठेवून. तो त्यांचा निर्णय होता. त्यांच्या निर्णयाची मालकी हिसकावून घेऊन तू त्यांचा मान वाढवत नाहीस.

वर्गात मी कडक होते, हे तू चांगलं जाणतेस. गृहपाठ नाही तर तास नाही. पण नापास झालेल्या एकाही मुलाचा डबा मी काढून घेतला नाही. एकाही मुलाला 'तू घरी जाऊ नकोस, तुझं तोंड दाखवू नकोस' म्हटलं नाही. तू स्वतःचं काय चालवलं आहेस? आई सांगते, रात्रीचं जेवण सोडलंस. सणाला घर सोडलंस. मैत्रिणींचे फोन उचलत नाहीस, कारण त्यांतल्या दोघी आता एमडी करतात. पुस्तकं ट्रंकेत घालून कुलूप लावलंस. म्हणजे शिक्षा रोजची आणि अभ्यास शून्य. तुला वाटतं आपण स्वतःशी कठोर आहोत. कठोर शिक्षक मुलाच्या मागे लागून त्याला पुढे ढकलतो. तू तर मुलीला वर्गाबाहेर उभं करून ठेवलंस आणि फळ्यावर काही लिहिलंच नाहीस. स्वतःला रोज टोचून बोलण्यात मेहनत नाही, पोरी. मेहनत आहे ती 'झालं ते झालं, आज एक प्रकरण' असं म्हणून बसण्यात. तू सोपं काम निवडलंस, आणि मला राग आहे तो याचा.

किल्लारीचं मी तुला कधी फार सांगितलं नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून दमलेली माणसं झोपेत होती. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. आपल्याकडे उन्हाळ्यात गार राहणारी घरं. तीच अंगावर आली. हजारो माणसं गेली. मी तेव्हा नोकरीला नुकती लागलेली, आम्हा शिक्षकांना मदतीला पाठवलं होतं. एका गावात एक बाई भेटली. तिचा दहा-बारा वर्षांचा मुलगा विसर्जनाहून उशिरा आला आणि ओट्यावर निजायला निघाला. पाऊस येईल म्हणून हिनं त्याला आत बोलावलं. ती स्वतः पहाटे जनावराकडे बाहेर आली होती, म्हणून वाचली. ती एकच वाक्य बोलायची: "मीच त्याला आत नीज म्हणलं."

तिला गावातल्या कुणी बोल लावला नव्हता. पंचनाम्यात तिचं नाव गुन्हेगार म्हणून नव्हतं. भूगर्भतज्ज्ञांच्या त्या वेळच्या नकाशात आपला भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो नकाशा बदलला २००२ साली. ज्यांनी आयुष्यभर धरणीचा अभ्यास केला त्यांना जे दिसलं नाही, ते एका आईला पावसाची चिन्हं बघताना दिसायला हवं होतं का? मी तिला हे तेव्हा नकाशा-बिकाशाच्या भाषेत सांगितलं नाही. मी तिच्याजवळ बसून भाकरी थापायला लागले, कारण पत्र्याच्या शेडमध्ये तिच्या दिराची तीन लेकरं उपाशी होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती स्वतः परातीजवळ आली. ती लेकरं पुढे तिनंच वाढवली. बावन्न गावं नव्या जागी वसली, त्यांतल्या एका गावात तिला घर मिळालं. तिचं दुःख गेलं असं मी म्हणत नाही. मुलाचं नाव काढलं की ती शेवटपर्यंत गप्प व्हायची. पण 'मीच' हा शब्द तिनं सोडला. सोडला म्हणून त्या तीन लेकरांना आई मिळाली. तो सोडायला तिला किती बळ लागलं असेल याची कल्पना कर, आणि मग मला सांग की स्वतःला माफ करणं हे दुबळ्यांचं काम आहे.

तुझ्या कारखान्यातलंच बघ. तिथल्या वैद्यकीय कक्षात नोंदी ठेवायचं काम तू कमीपणाचं मानतेस, तेही मला आवडलेलं नाही; पण ते बाजूला ठेवते. मार्चमध्ये तू मला एका मुलाची हकीकत कळवलीस. कंत्राटावरचा, अलियर गावात सहा जणांत एक खोली करून राहणारा. पॉवर प्रेसवर दोन बोटं गेली. पट्टी बांधताना तो म्हणत होता, माझंच लक्ष नव्हतं. तू त्याला थांबवलंस. विचारलंस, किती तास झाले होते? प्रेसला सेन्सर होता का? सेन्सर बंद होता आणि बारावा तास चालू होता. तू त्याला म्हणालीस, मग ही तुझी चूक म्हणून लिहायची नाही. गुडगाव-मानेसरच्या पट्ट्यात अशी बोटं गमावणारे कामगार वर्षानुवर्षं येतात, 'सेफ इन इंडिया' संस्था त्यांच्यावर 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते, हेही तूच मला सांगितलंस. किती नेमकं निदान केलंस त्या दिवशी! जखम झाली ती खरी, पण कारण यंत्रात होतं, तासांत होतं. हीच डॉक्टर रात्री खोलीवर जाते आणि स्वतःच्या केसपेपरवर डोळे मिटून लिहिते, 'रुग्णाचा निष्काळजीपणा'. अशी नोंद माझ्या वर्गात चालली नसती.

आणखी एका गोष्टीसाठी तुला बोलायचं आहे, ती जास्त लागली मला. तू आईला म्हणालीस, "तुझ्या वारीनं काय मिळालं?" तिनं मला हे सांगताना सुद्धा तुझीच बाजू घेतली. ती तुळशीची माळ घालते, गुडघे दुखत असताना आषाढीला चालते. तुला वाटतं ती तुझा निकाल मागायला जाते. पंढरपूरला कुणी निकाल मागायला जात नाही. भेटायला जातात. दर्शनाची रांग लांब असली तर कळस बघून हात जोडतात आणि परत फिरतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा निघतात. काही हातात न पडता माणूस पुन्हा पुन्हा निघतो, हे बळ कुठून येतं याचा विचार तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलीनं करायला हवा होता.

तुकोबांचं चरित्र तुला आठवीत होतं. १६३० च्या सुमाराचा भयंकर दुष्काळ. सावकारी आणि दुकान असलेलं घर बसलं, पहिली बायको अन्नावाचून गेली, मूल गेलं. सांगतात की त्यानंतर ते भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसले. लोक तिथून थेट अभंगांवर उडी मारतात. मी मुलांना नेहमी मधली गोष्ट सांगायची. घरातली कर्जखतं काढली, धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा हिस्सा त्याला दिला, आणि आपल्या वाटणीची खतं इंद्रायणीत सोडली. गाव दुष्काळानं मोडलेलं असताना कुणाकडून काय वसूल करणार? परंपरेनं ही कथा सांभाळली ती लोकांची कर्जं माफ केली म्हणून. मला त्यात दुसरंही दिसतं: पुढचं काही नक्की नसताना त्या माणसानं मागचा हिशेब मिटवला. दुकान पुन्हा उभं राहील की नाही हे कळण्याची वाट पाहिली नाही. तू मात्र स्वतःच्याच नावानं खत लिहून ठेवलंस आणि रोज व्याज लावतेस. परीक्षा पास झाले तर मी माणूस, असं त्यात लिहिलं आहे. ते आधी फाड. परीक्षेचं नंतर.

आता काय करायचं ते ऐक. तू शिकलीस की मोडलेल्या हाडाभोवती आधी मऊ सांधा धरतो. त्या दिवसांत त्यावर भार टाकला तर हाड वाकडं जुळतं, आणि तो कडक झाल्यावर भार टाकलाच नाही तर हाड कमकुवत राहतं. दोन्ही तुला लागू आहे. तुझे मऊ दिवस २०२० ते २२ मध्ये यायला हवे होते, पण तेव्हा तू पहाटे साडेपाचला माळवदावर होतीस. शोक करायला तुला कुणी वेळच दिला नाही. ज्या शहरात चार वर्षं काढलीस ते एका पिशवीनिशी सोडलंस, खोलीतलं सामान तिथेच राहिलं, मैत्रिणींचा निरोप घेतला नाहीस. त्याबद्दल वाईट वाटू दे. रडायचं तर रड, मी रागावणार नाही. एक महिना अभ्यास नाही. रात्रीचं जेवण रोज, झोप सात तास, हे मात्र गृहपाठासारखं पाळायचं.

त्यानंतर ठरव. पुन्हा परीक्षेला बसायचं असेल तर बस. नसेल बसायचं तर सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घे. प्रेसवर बोटं जाऊ नयेत म्हणून काम करणारी माणसं या देशाला हवी आहेत, आणि तुला ते काम येतं, हे मार्चमध्ये तू दाखवलंस. लातूरच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांत एकच रस्ता सांगतात, बारावी, नीट, एमबीबीएस, एमडी. त्या गल्ल्यांबाहेरही माणसं जगतात. तू कोणताही रस्ता घेतलास तरी मी तुझ्या बाजूनं आहे. पण ठरव तू. शिक्षा म्हणून ठरवू नकोस आणि बाबांचं देणं म्हणूनही ठरवू नकोस.

दिवाळीचं तिकीट आजच काढ. सचखंड एक्सप्रेसनं नांदेडला उतर, पुढे एसटी आहेच. कोणत्या तोंडानं येऊ म्हणालीस; त्याच तोंडानं ये, तुझी आई तेच बघायला थांबली आहे. ट्रंकेचं कुलूप उघडून औषधशास्त्राचं पुस्तक सोबत आण. मला तो विषय येत नाही, पण समोर बसवून पाठ म्हणवून घेता येतं, आणि पाडव्यानंतर रोज सकाळी नऊ ते अकरा मी मोकळी आहे. परीक्षेला बसायचं नाही असं ठरवलंस तरी ये. मग पुस्तक राहू दे, त्या मुलाच्या प्रेसबद्दल तू काय लिहून दिलंस ते मला वाचून दाखव.

आणि आईला आज रात्रीच फोन कर. आधी जेव, मग कर. ती पहिल्यांदा तेच विचारणार आहे.